सीमेपासून तीन फूट

४ मार्च

बारक्या,

सोबत दोन कागद आहेत. पहिला नुसता वाचायचा, दुसऱ्यावर सही करायची. उलटं करू नकोस, तुझा भरवसा नाही.

नऊ वर्षांनी ताईचं पत्र आलं म्हणून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही. मी ठणठणीत आहे. परवानाधारक वायरमनच्या यादीत माझं नाव अजून आहे आणि शिडी खाली कोणी धरलेली मला अजूनही आवडत नाही. तुझ्या भावोजींची छाती मात्र बिघडली आहे. छापखान्यात चाळीस वर्षं शिशाचे खिळे जुळवले, त्याचं हे बक्षीस. दीड वर्षापासून ऑक्सिजनचं मशीन लागतं, दिवसाचे अठरा तास. नाकात नळी घालून शब्दकोडी सोडवत बसतात आणि अडले की मला हाक मारतात. मला आलं नाही की खूश होतात.

आता मुद्द्याचं. वीजखात्याने आपल्या भागातल्या जुन्या तारा बदलायला काढल्या आहेत. एक मेपासून रोज दुपारी वीज जाणार, तीन तास तरी, आणि हे पावसाळ्यापर्यंत चालणार. मशीनला आत्ता जी बॅटरी आहे ती पाऊण तासात मान टाकते. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, "सहा तास चालेल अशी सोय घरी करा. नाहीतर एक तारखेला त्यांना माझ्याकडे दाखल करा." किती दिवस, असं मी विचारलं. त्यांनी चष्मा पुसला.

सोय करणं माझ्या हातातलं काम आहे. कपाटाएवढी बॅटरीची पेटी बसवायची, बस. पण नगरपालिकेने राहत्या जुन्या घरांसाठी नवे नियम आणलेत. अशी पेटी झोपायच्या खोलीत चालत नाही, जिन्याखाली चालत नाही. घराच्या पुढे, रस्त्याच्या बाजूला ठेवता येत नाही. मागे स्वयंपाकघराची खिडकी आहे, तिच्या जवळ नको. गच्चीला वजन झेपणार नाही, हे नियमाने नाही, मी सांगते. उरली ती एकच जागा, तुझ्या आणि माझ्या घरामधली बोळ. तिथे अट एवढीच की पेटी शेजाऱ्याच्या सीमेपासून तीन फूट लांब हवी. माझ्या बाजूची बोळ पाच फूट आहे. भिंतीपासून सोडायची जागा धरून पेटी खाते दीड फूट. उरतात साडेतीन. ऐसपैस बसते.

आता तू कुठे येतोस ते सांगते. शेजारी म्हणजे तू. घराला कुलूप लावून गेलास तरी कागदावर तूच आहेस. शेजाऱ्याने आपण होऊन संमती दिली तर अर्ज लवकर निकालात निघतो, नाहीतर नोटिशीचे तीस दिवस वाट बघा. दुसऱ्या कागदावर एक रकाना आहे, ‘शेजाऱ्यास मान्य असलेले सीमेपासूनचे किमान अंतर’. तिथे तीन लिही, खाली सही कर, आणि माझ्याकडे पाठव. कार्यालयाचा पत्ता मागे छापला आहे, पण तिकडे पाठवू नकोस, ते हरवतात.

जुना विषय काढू नकोस. तरी तू काढशील म्हणून मीच काढते. आई गेल्यावर घराचे दोन भाग केले तेव्हा बोळ निम्मी-निम्मी वाटली. खुंट्या मी ठोकल्या आणि माप बरोबर होतं. तुझ्या भिंतीला पाण्याचे पाइप आहेत म्हणून तुझी बाजू अरुंद दिसते. तुझी रोपांची हातगाडी त्यातून गेली नाही यात माझा दोष नाही. "मला फसवलंस," असं तू बोलायला नको होतंस.

असो. सही तेवढी कर.

ताई

&nbsp;

१५ मार्च

बारक्या,

तुझं उत्तर नाही. घाई नाही. खरं तर सही अजून केली नसलीस तर जरा थांब, आणि केली असलीस तर कागद तुझ्याकडेच ठेव. आराखड्यात एक-दोन मापं पुन्हा तपासायची आहेत. काळजीचं कारण नाही. माझ्या कामात मी सगळं दोनदा तपासते, तुला माहीत आहे.

तुझ्या घराकडे बघून आले. पुढचं दार नीट आहे. मागची रोपवाटिका मात्र ओळखू येत नाही. जाळीचं छप्पर खाली आलंय आणि मोगऱ्याच्या पिशव्या फाटून मुळं थेट जमिनीत गेली आहेत. तू पिशव्यांमध्ये ठेवलास तेव्हा रडतखडत जगणारा मोगरा आता कमरेएवढा झालाय. तुझ्या धंद्याबद्दल मी मत देणार नाही.

भावोजी आज सकाळपासून हसतायत. डॉक्टरांकडची नवीन नर्स त्यांना म्हणाली, "आजोबा, जोरात फुंका." ते म्हणाले, "मुली, मला जोरात फुंकता आलं असतं तर मी इथे कशाला आलो असतो?" तिने ते तसंच्या तसं डॉक्टरांना सांगितलं.

एक सहज विचारते. खुंट्या ठोकल्या त्या दिवशी मी कुंपणाच्या जागी वाकले होते आणि टेपचं दुसरं टोक तुझ्या हातात होतं. तू टेपवरचा कुठला आकडा तुझ्या भिंतीला टेकवला होतास? आठवत असेल तर कळव. नसेल आठवत तर राहू दे.

ताई

&nbsp;

२ एप्रिल

बारक्या,

हे पत्र चौथ्यांदा लिहितेय. आधीच्या तिन्हींत मी शहाणी वाटत होते म्हणून फाडली.

तू कळवलं नाहीस, पण मला आठवलं. तू टेप एकच्या आकड्यावर धरली होतीस. मीच सांगितलं होतं, "एकवर धर रे." कारण माझी ती स्टीलची टेप एका मेनबोर्डात चालू तारेला लागली होती. ठिणगी उडाली आणि पहिला फूटभर भाग जळून काळा झाला, आकडे गेले. नवीन घ्यायची सोडून मी वर्षभर तीच वापरली. एकच्या आकड्यापासून मोजायचं आणि आलेल्या मापातून एक वजा करायचा. माझ्या हाताखालच्या प्रत्येकाला ते पाठ होतं. एखादा विसरला तर मी त्याला दिवसभर "एक-वजा" म्हणून हाक मारायचे.

वाटणीच्या कागदावर लिहिलंय, बोळ एकूण आठ फूट, प्रत्येकी चार. नऊ वर्षांत मी तो कागद उघडला नव्हता. मागच्या महिन्यात आराखड्यासाठी भिंतीपासून भिंतीपर्यंत नव्या टेपने मोजलं. आठ. माझी बाजू पाच. तुझी तीन. त्या दिवशी तुझ्या भिंतीला एक टेकवून मी चारच्या आकड्यावर खुंटी ठोकली. वजा करायचं राहिलं, खुंटी पाचवर हवी होती. आईच्या कपाटावरून आपलं वाजलं होतं, तू टेप ताणून धरत नव्हतास, मी तुझ्यावर ओरडत होते. पण ही सबब झाली. एक-वजा मी आहे.

तुझी गाडी साडेतीन फुटांची. चार फुटांतून ती गेली असती.

तू तेव्हा म्हणालास, "ताई, माझी बाजू कमी दिसतेय." मी म्हणाले, "डोळ्यांनी मोजतोस का?" तू म्हणालास, "रोपं डोळ्यांनीच मोजतात." तेव्हा मी म्हणाले, पटत नसेल तर दुसऱ्या कोणाकडून मोजून घे. त्यावर तू जे बोललास ते मला नऊ वर्षं लागलं, आणि आता जास्त लागतंय. "बहिणीच्या मापावर माप घालायची वेळ आली, तर मला जागाच नको." महिन्याभरात तू दुकान आवरलंस.

पाच आणि तीन यांतला फरक गल्लीतून जाणाऱ्या कोणालाही दिसला असता. मला दिसला नाही, कारण मला बघायचंच नव्हतं.

आता आणखी एक सांगते, ते याहून वाईट आहे. हे सगळं मला पंधरा मार्चच्या पत्राआधीच कळलं होतं. तरी तुला "सहज विचारते" असं लिहिलं. आणि अठरा तारखेला नगरपालिकेत जाऊन मी अर्ज भरला. माझ्या बाजूची रुंदी पाच फूट, पेटीपासून सीमा साडेतीन फूट, खाली माझी सही आणि परवाना क्रमांक. विचार असा केला की कुंपण नऊ वर्षं तिथेच आहे, तपासणारा माणूस कुंपणापर्यंतच मोजणार, आणि तुला काय, तू तर तिथे राहतही नाहीस.

आराखडे तपासणाऱ्या बाई माझ्या ओळखीच्या. त्यांनी सही बघितली आणि म्हणाल्या, "तुमचा अर्ज आहे होय? मग जागेवर माणूस पाठवायची गरज नाही. तुमचं माप म्हणजे माप."

घरी आले. तेरा दिवस काढले. माझं काही बिघडलेलं नाही, असं मी स्वतःला रोज सांगत होते आणि रोज काहीतरी बिघडवत होते. एका गिऱ्हाइकाच्या पंख्याच्या तारा उलट्या जोडून आले. शेवटी भावोजींना सांगितलं. त्यांनी नाकातली नळी काढली. मग म्हणाले, "आमच्याकडे चूक छापून गेली की शुद्धिपत्र काढायचो."

"अहो, शुद्धिपत्र काढलं तर पेटी बसत नाही. चारातून दीड गेले की अडीच राहतात. नियम तीनचा आहे."

"मला वजाबाकी येते गं. मी खिळे जुळवणारा होतो, वायरमन नव्हतो."

असा माणूस. एक मेला दवाखान्यात जाऊन पडायचं आहे आणि विनोद सुचतोय.

काल मी अर्ज मागे घेतला आणि नवीन भरला. रुंदी चार फूट, सीमेपर्यंत अडीच. बाईंनी कारण विचारलं. मी सांगितलं की आधीचं माप चुकीचं होतं आणि ते मला माहीत होतं. त्या खाली बघून लिहीत राहिल्या. म्हणाल्या, "आता तुमच्याकडे माणूस पाठवावा लागेल." पाठवा म्हटलं. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कामावर मोजायला माणूस येणार. येऊ दे.

आज सकाळी पत्र्याचं कुंपण मी काढलं. माझ्या बाजूला एक फूट आत आणून उभं केलं. खांब एकटीने गाडले, सरळ आहेत.

आता नियम असा की सीमेपासून तीन फुटांपेक्षा कमी अंतर असेल तर शेजाऱ्याची लेखी संमती लागते. संमती नाही, तर परवानगी नाही. तीस दिवसांची वाट वगैरे काही नाही, सरळ नकार. चोवीस तारखेला सुनावणी आहे. कोरा नमुना सोबत जोडला आहे. त्यात काय लिहायचं ते या वेळी मी सांगणार नाही. तुझी जागा मी नऊ वर्षं वापरली, तुला दुकान बंद करायला लावलं, आणि वर तुलाच खोटं ठरवलं. नाही म्हणालास तर मी ते समजून घेईन. एवढंच लक्षात ठेव की माप मी चुकले, भावोजी नाही. हे वाक्य खोडायला हवं, कळतंय मला. राहू दे.

ताई

&nbsp;

२० एप्रिल

बारक्या,

उत्तर नाही. मी विनवण्या करणार नाही, आपल्या घरात ती सवय कोणालाच नव्हती. फक्त कुठपर्यंत आलंय ते कळवते.

मोजणारा माणूस येऊन गेला. चार फूट लिहून घेतलं. निघताना म्हणाला, "बाई, लोक कुंपण पुढे सरकवतात. मागे सरकवलेलं मी पहिल्यांदा बघतोय." त्याला मी चहा दिला नाही. कौतुक करून घ्यायच्या मनःस्थितीत नव्हते.

दवाखान्यात खाट बघून आले. भिंतीकडची आहे. खिडकी दोन खाटा सोडून. तिथल्या प्लगची अर्थिंग मी स्वतः तपासली आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनला दोन गोष्टी सांगितल्या, त्याला आवडल्या नाहीत. भावोजींची पिशवी भरून ठेवली आहे. कपडे, रेडिओ, कोड्यांची तीन पुस्तकं. ते पिशवीतून एकेक पुस्तक काढून घरीच सोडवतायत. मी पुन्हा भरते, ते पुन्हा काढतात. "तिथे गेल्यावर काय सोडवाल?" म्हटलं. म्हणाले, "तिथे तू नसणार. न आलेले शब्द विचारायचे कोणाला?"

सुनावणीला मी एकटी जाईन. संमती नाही म्हटल्यावर दोन मिनिटांचं काम आहे.

ताई

&nbsp;

२९ एप्रिल

बारक्या,

सुनावणी दोन मिनिटांत संपली नाही.

तीन माणसं बसली होती टेबलामागे, त्यांत आपल्या आराखड्याच्या बाई. मधल्या साहेबांनी अर्ज वाचला, अडीच फुटांवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "शेजाऱ्याची संमती?"

मी म्हटलं, "नाही."

"आणली नाही की मिळाली नाही?"

"मिळाली नाही. त्याला कारण आहे आणि ते कारण मी आहे."

साहेब पेन उघडायला लागले तेवढ्यात बाई म्हणाल्या, "एक मिनिट. शेजाऱ्यांच्या पत्रांची फाइल वेगळी असते." उठून कपाटातून फाइल काढली. मला वाटलं, तू हरकत घेतलीस. खरं सांगते, मला बरंच वाटलं. म्हटलं, बोलला तर खरा.

बाईंनी कागद काढला, उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "संमती आहे. सही आहे. पण यांनी हे अंतर काय लिहिलंय?"

साहेब म्हणाले, "किती?"

"शून्य."

"शून्य कसं? चुकून लिहिलं असेल."

"अक्षरातही लिहिलंय साहेब. शून्य फूट."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, याचा अर्थ तुम्ही पेटी अगदी त्यांच्या सीमेला चिकटवून ठेवलीत तरी त्यांना चालेल. काय नातं तुमचं?"

मी म्हटलं, "कागद बघू दे." नियमात बसत नाही, पण त्यांनी दिला. तुझंच अक्षर. शून्यसुद्धा बीसारखं, खाली जरा टोकदार. खाली तारीख होती, नऊ मार्च.

नऊ मार्च. माझं पहिलं पत्र तुला मिळालं असेल त्याच दिवसाची किंवा दुसऱ्या दिवसाची. मी ‘कार्यालयाकडे पाठवू नकोस’ असं लिहिलं म्हणून तू तिकडेच पाठवलास, हे तुझ्या स्वभावाला धरून आहे. माझा पहिला अर्ज भरून व्हायच्या आधी तुझी संमती त्यांच्या कपाटात येऊन पडली होती. मी तेरा दिवस तळमळले, कुंपण उपटलं, दवाखान्यातली खाट बघून आले, आणि कागद तिथेच होता. मी त्या इमारतीत सहा वेळा गेले. एकदाही विचारलं नाही. तू देशील हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

परवानगी मिळाली. पेटी परवा बसवली, माझ्या भिंतीला धरून. तू शून्य दिलंस, मी अडीच ठेवले. आज तपासनीस आला आणि त्याने मेन स्विच खाली ओढला. भावोजी कोडं सोडवत होते. मशीनचा आवाज तसाच चालू राहिला. दहा मिनिटांनी पंखा थांबलेला बघून म्हणाले, "वीज गेली की काय?" तपासनीसाने तिथेच उभं राहून सही केली. पिशवीतली पुस्तकं त्यांनी आता सगळीच बाहेर काढली आहेत.

आता माझं. दोन एप्रिलच्या पत्रात मी सगळं कबूल केलं आणि मला वाटलं, मी फार मोठं काम केलं. पाठवण्याआधी भावोजींना वाचून दाखवलं होतं. काल म्हणाले, "चूक सांगितलीस सगळी, अगदी इंचासकट. माफी कुठे मागितलीस?" मी म्हटलं, मागितली की. त्यांनी मला त्या पत्राचा कच्चा कागद आणायला लावला. वरून खालपर्यंत वाचला. नव्हती.

त्या कबुलीनंतर तू संमती दिली असतीस, तर मी फिटंफाट झाली म्हणून गप्प बसले असते. मला ओळखतोसच. पण तुझ्या हातात होतं ते तुला खोटं ठरवणारं पत्र. माप बरोबर होतं, तुझ्या भिंतीला पाइप आहेत, तू बोलायला नको होतंस, हे सगळं तू वाचलंस. आणि ते वाचून शून्य लिहिलंस. आकड्यात आणि अक्षरात.

माफ कर, बारक्या.

ताई